कबुतराचं रक्त

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून वडील ती वाटायचे; अंगारा, गंडा, बुवा यांच्याविरुद्धची. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पण चांगल्या धडधाकट माणसाचं डोकं अचानक असह्य दुखलं तर काय करावं, हे त्यातल्या एकाही पत्रकात नव्हतं.

चाकूरजवळच्या गावी मी आत्याकडे गेले होते; ती तुरीची डाळ पाखडत होती. सूप हातातून सुटलं. "डोक्यात कायतरी फुटलं गं," एवढं म्हणाली आणि भडाभडा ओकली. शेजारणींनी पित्त ठरवून लिंबूपाणी पाजलं. ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. मी तिला दोन्ही हात वर करायला लावले. उजवा मांडीवरच राहिला.

हे मेंदूचं दुखणं आहे, आत्ताच्या आत्ता लातूरला नेऊ, असं मी म्हणाले. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मामांचं, वेगळंच ठरलं होतं. हा लकवा, आणि लकव्यावर लोह्याकडच्या एका गावात कबुतराचं रक्त चोळतात. त्यांचा भाऊ तिथं जाऊन बरा झाला होता.

"तुह्या बापाच्या कागदानं उठलंय का कुणी आजवर?" मामा म्हणाले.

जीप लातूरकडे पाठ करून निघाली. आत्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तिथं तिच्या गालाला, मानेला, केसांत रक्त चोळलं. ती हाकेला ओ देईना, तेव्हा मामा घाबरले आणि जीप उलटी फिरली. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर आधी केसांत जखमच शोधत बसले. कुठं पडल्या, असं विचारत राहिले. रक्त कबुतराचं आहे, हे मीच सांगितलं. मग स्कॅन झाला. तिचं स्वतःचं रक्त आत साचलं होतं.

लवकर नेलं असतं तरी ती वाचली असतीच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण तेवढी संधी तिच्या हक्काची होती आणि ती आम्ही रस्त्यावर सांडली.

आत्या गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायांना मी सांगत राहिले: अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी नि उलटी, वाकडं तोंड, न उचलणारा हात, जड जीभ, यातलं एक जरी दिसलं तरी थेट मोठा दवाखाना. त्या माना डोलवत होत्या.

ओसरीवर मामा कुणालातरी हळू आवाजात सांगत होते, "कबुतर आधीच मेल्यालं व्हतं. जित्तं लागतंय."

"हाव," तो म्हणाला. "जित्तंच लागतंय."