शंभर सोडून माप

भगवान शेजवळ मार्कर होता. मार्कर म्हणजे काय, हे बेलवलीतल्या त्याच्या शेजाऱ्यांना बावीस वर्षांत कळलं नाही, आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? वेल्डर लगेच ओळखू येतो, ठिणग्या उडवतो. क्रेनवाला उंचावर बसलेला दिसतो. मार्कर दिवसभर लोखंडाच्या पत्र्यावर गुडघे टेकून रेघा मारतो आणि पत्रा कापून झाला की रेघाही जातात. पण कुठे कापायचं, कुठे भोक पाडायचं, कुठे जोडायचं हे त्याने आखून दिल्याशिवाय त्या ठिणगीवाल्याला हात हलवता येत नाही. शेडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कौतुकाची वेळ आली की सगळे सोयीस्कर विसरतात.

तो कामाला होता ती शेड अंबरनाथच्या एमआयडीसीत होती. टाक्या, चिमण्या, पाइप असलं काम चाले. तिथे भगवानची एक पत्र्याची पेटी होती आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. पेटीत सगळ्यात वर गुण्या, काटकोन आखायचा. आयटीआयला असताना कानशीने घासघासून त्याने तो स्वतः केला होता. नवा माणूस शेडमध्ये आला की भगवान त्याला गुण्या तपासायला शिकवी. एक रेघ मारायची, गुण्या उलटा करायचा, त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. दुकानातून नवा आणलेला गुण्या तो आधी असा नागडा करून बघे. त्याच्या खाली खूण ठोकायचा पंच, जुन्या मोटारीच्या व्हॉल्व्हच्या दांडीचा, धार लावून लावून आखूड झालेला. मग निळीत बुडवलेलं सूत, लांब रेघेसाठी. आखणीची सुई. खडूवर त्याचा राग होता. खडूची रेघ म्हणजे भिंतीला पोतारा, तिच्या अलीकडून कापायचं की पलीकडून हे कोणी सांगावं, असं तो म्हणे.

आणि टेप. टेपवर त्याचं प्रेम होतं, पण विश्वास नव्हता. टेपच्या टोकाला वाकवलेली पत्र्याची जीभ असते. ती थोडी हलतीच ठेवलेली असते, पण टेप चारदा फरशीवर आपटला की किती हलावं याला काही धरबंध राहत नाही. म्हणून भगवान शून्यापासून माप घेतच नसे. टेपवरचा शंभर मिलिमीटरचा आकडा सुरुवातीच्या रेघेवर धरायचा आणि हव्या त्या मापात शंभर मिळवून खूण करायची. हजार हवे असतील तर अकराशेवर. यात धोका एकच, शंभर मिळवायचे विसरलं की संपलं. त्यावर त्याने शेडमध्ये एक शिस्त लावली होती. टोक धरणाऱ्याने मोठ्याने ‘शंभर’ म्हणायचं. वाचणाऱ्यानेही ‘शंभर’ म्हणून जबाब द्यायचा. जबाब आल्याशिवाय पंचाला हात लावायचा नाही. बाहेरचे लोक हसत. भजनी मंडळ आहे का तुमचं, म्हणत. पण बावीस वर्षांत भगवानच्या मापाचा एक तुकडा परत आला नव्हता.

ही शिस्त त्याने हरेशलाही शिकवली. हरेश सोनिवलीचा. घरची भाताची जमीन बिल्डरकडे गेली, तिथे इमारती उठल्या, आणि पोराने डिप्लोमा करून सुपरवायझरची नोकरी धरली. आला तेव्हा त्याला ड्रॉइंग वाचता येई, पण पत्रा वाचता येत नव्हता. भगवानने त्याला तीन वर्षं शेजारी बसवून शिकवलं, हातचं काही राखलं नाही. हरेशही त्याला ‘भगवानदादा’ म्हणे, डब्यातली मासळी काढून देई. पोरगा वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाने केलं असतं तर भगवानला एवढं लागलं नसतं.

२००६ साली शेडच्या मालकाच्या, शेठच्या, डोक्यात आयएसओ शिरलं. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प तीनचे. त्यांच्या ओळखीतल्या दोघातिघांनी सर्टिफिकेट भिंतीला लावलं होतं, मग यांना चैन कुठली? शेडच्या कोपऱ्यात काचेची खिडकी असलेली खोली बांधली, पंखा लावला, टेबल टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ये इन्स्पेक्शन रूम है. इसमें भगवान बैठेगा. नाप का आदमी है.”

भगवानचे गुडघे तेव्हा पार गेले होते. जिना उतरताना कठडा धरावा लागे. त्याने घरी बायकोला, अंजनाला, एकदाच सांगितलं आणि अंजनाने ते सगळ्या चाळीला सांगितलं. बुद्धविहारात रविवारी बायका जमत तिथेही सांगितलं. कधी नव्हे ते तिला नवऱ्याचं काम काय हे एका वाक्यात सांगता येत होतं. “साहेब होणार आता आमचे. बसून काम.” भगवान वरवर चिडला, पण मनातून त्याला ती खुर्ची फार हवी होती. खुर्चीपेक्षाही, आपलं माप शेवटचं माप मानलं जाणार, हे त्याला हवं होतं.

पावसाळ्यानंतर बदलापूरच्या एका रसायनाच्या कारखान्याची टाकी शेडमध्ये होती. आडवी टाकी. खाली दोन लोखंडी पाय, आणि पायांना भोकं. कारखान्यात सिमेंटच्या ओट्यावर आधीच बोल्ट रोवलेले, त्यांच्यात बरोबर चोवीसशे मिलिमीटरचं अंतर. त्या बोल्टांवर ही भोकं बसायची. शुक्रवारी ट्रेलर येणार होता आणि गुरुवारी दुपारी भगवान शेडच्या दुसऱ्या टोकाला चिमणीच्या एका नाळक्याच्या, म्हणजे नळकांड्याच्या, आखणीत गुंतला होता. हरेशला घाई होती. त्याने नाथा वेल्डरला टोक धरायला लावून स्वतःच माप घेतलं. नाथाने ‘शंभर’ म्हटलं. हरेशच्या कानाला मोबाइल होता, त्याने जबाब दिला नाही. टेपवर चोवीसशेचा आकडा बघितला आणि पंच मारला. नाथाने पाय जोडले, रंग लागला, आणि तपासणीच्या कागदावर हरेशनेच बरोबरची खूण केली.

सोमवारी कारखान्यातून फोन आला की टाकी बसत नाही. शेठनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

“कितना कम है?”

“शंभर,” हरेश म्हणाला. “पूरा सौ.”

त्या आकड्याबरोबर सगळ्यांच्या माना भगवानकडे वळल्या. पाच-दहा मिलिमीटरची चूक कोणाचीही असू शकते. शंभराची चूक शंभर सोडून माप घेणाऱ्याची, आणि या शेडमध्ये तो नेम कोणाचा हे झाडूवालीलाही माहीत होतं.

“सौ से नाप कौन लेता है मेरे यहाँ?” शेठनी विचारलं.

“मैं लेता हूँ, शेठ. पण ती टाकी मी आखलीच नव्हती. मी त्या दिवशी नाळक्यावर होतो. हरेशभाऊंना विचारा.”

हरेशने भगवानकडे बघितलं नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत तो म्हणाला, “मार्किंग दादांचंच असतं, शेठ.”

या वाक्यात खोटं काय होतं? मार्किंग दादांचंच असे, रोज. एकच दिवस नव्हतं. भगवानने नाथाकडे बघितलं. बारा वर्षं बरोबर डबा खाणारा नाथा मिठाची गुळणी धरून उभा होता.

बाहेर आल्यावर नाथाने त्याला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. “मना सगला ठावं हाय, भगवान. त्याचे कानाला फोन होता. मी शंबर बोललू, तो काय बोललाच नाय. पन माजं घर त्याचे काकाचे जाग्यावर हाय. मी तोंड उघारलं तं मना बिऱ्हाड उचलाया लागंल.”

“मग मला कशाला सांगतोस?” भगवान म्हणाला.

कारखान्याच्या आवारात गॅस पेटवायला बंदी होती, त्यामुळे टाकीचे पाय कापून सरकवणं शक्य नव्हतं. मग टाकीखाली दोन नवे लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीसारखे आडवे दांडे, घालायचे ठरले. चॅनेलची बाहेरची भोकं बोल्टांत बसतील, आतली टाकीच्या पायांना. बुधवारी शेठ स्वतः गाडी घेऊन आले. हरेश, नाथा, आणि भगवानलाही नेलं. कामासाठी नव्हे. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला दाखवायला, की हा बघा, याच्या हातून झालं.

भगवान ओट्यापासून चार पावलांवर उभा राहिला. पेटी आणू दिली नव्हती, त्यामुळे हात मोकळे होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. चॅनेल आडवा ठेवला होता. नाथाने टेप धरला आणि म्हणाला, “शंबर.”

हरेशने जबाब दिला नाही. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला तो इंजिनिअर हाताची घडी घालून. हरेशचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने टेप ताणला, वाकून आकडा शोधला आणि पंच टेकवला. भगवानला चार पावलांवरून दिसलं. चोवीसशेवर.

तेच. पुन्हा तेच. आणि या वेळी शेठच्या डोळ्यांदेखत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. भगवानने काहीही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. हातोडी पडली असती, भोक पडलं असतं, चॅनेल बोल्टांवर ठेवला असता आणि तो शंभराने आखूड पडला असता. मग शंभराची चूक कोणाची, हे कोणाला सांगावं लागलं नसतं. एक चॅनेल वाया गेला असता, बस.

हरेशने हातोडी उचलली.

“पंचवीसशे,” भगवान बोलून गेला.

शेठ गर्रकन वळले. “तू चुप बैठ. तेरी मेहरबानी से ही इधर खड़े हैं हम लोग. उसको काम करने दे.”

हरेशने टेपकडे बघितलं. मग नाथाच्या अंगठ्याकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला आणि परत आला. पंच शंभराने पुढे सरकला. “तेच करत होतो, भगवान,” तो म्हणाला. ‘दादा’ हा शब्द त्याच वाक्यात गळून पडला, तो पुन्हा कधी आला नाही.

चॅनेल बसला, टाकी बसली. इंजिनिअरने हरेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेठना म्हणाला, तुमचा हा माणूस हुशार आहे, सांभाळा याला. शेठनी मान डोलावली.

संध्याकाळी भगवानने अंजनाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकताना तिने लाटणं थांबवलं.

“तुम्ही कशाला बोललात?”

“पंच मारणार होता तो.”

“मारू द्यायचा होता.”

“चुकीच्या जागी मारत होता, अंजना.”

“मग तुमचं काय जात होतं?” ती ओरडली नाही, आणि त्यामुळे त्याला ते जास्त झोंबलं. “तुमच्याबरोबर आमचंही होतं त्यात. एवढं एकदा तोंड बंद ठेवलं असतं तर?”

त्याने हात धुतले आणि जेवायला बसला. त्याला हरेशचा राग येत होता, शेठचा येत होता, नाथाचा तर फारच. पण सगळ्यात जास्त राग त्याला त्या स्वतःच्या जिभेचा येत होता. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने बावीस वर्षांच्या सवयीने जबाब दिला होता.

महिन्याभरात काचेच्या खोलीत हरेश बसला. मग आयएसओवाले येऊन गेले. त्यांनी कागद मागितले. टाकीची चूक कागदावर यायला हवी, चुकीचं कारण यायला हवं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं तेही. कारणाच्या रकान्यात हरेशने लिहिलं, मार्करचा निष्काळजीपणा. उपायाच्या रकान्यात लिहिलं, संबंधित कामगारास प्रशिक्षण.

तर एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता संबंधित कामगाराचं प्रशिक्षण झालं. विषय: शंभर सोडून माप घेण्याची पद्धत. प्रशिक्षक हरेश. हजर कामगार एक. भगवान काचेच्या खोलीत स्टुलावर बसला, त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. शेठही दारात येऊन उभे राहिले, कारण फोटो काढायचा होता.

हरेशने त्याच्याकडे न बघता पांढऱ्या फळ्यावर टेपचं चित्र काढलं. जीभ झिजते, म्हणून शून्य वापरायचं नाही, त्याने सांगितलं. टोक धरणाऱ्याने ‘शंभर’ म्हणायचं, वाचणाऱ्याने जबाब द्यायचा. शब्द न् शब्द भगवानचे. मग त्याने मोठ्या अक्षरांत नियम लिहिला, जो नंतर प्लॅस्टिकमध्ये मढवून शेडच्या भिंतीवर लागणार होता: खूण करताना मापातून शंभर वजा करावेत.

वजा. भगवानने ते वाचलं. तयार तुकड्याचं माप वाचताना वजा करायचे असतात. खूण करताना मिळवायचे. तीन वर्षं शेजारी बसवलेल्या पोराला एवढंही नीट कळलं नव्हतं, आणि आता ते भिंतीवर लागणार होतं. उद्या जो कोणी ते वाचून आखेल त्याचा तुकडा, न मिळवलेले शंभर आणि वजा केलेले शंभर मिळून, दोनशेने आखूड जाणार होता.

“काही शंका?” हरेशने विचारलं.

दारातून शेठही बघत होते. भगवानने फळ्याकडे बघितलं आणि जीभ काय करते याची वाट पाहिली. ती हलली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा समोर चुकीचं माप होतं आणि त्याला काहीच बोलावंसं वाटत नव्हतं. याचीच त्याला भीती वाटली.

“नाही, साहेब,” तो म्हणाला.

हरेशने कागद पुढे सरकवला. ‘प्रशिक्षण मिळाले व समजले’ असं छापलेल्या ओळीखाली भगवानने सही केली, आणि शेठनी फोटो काढला.