हमीदभाईंचा हीर

संगणकाचं झाकण उघडलं की हमीदभाई आधी कोपऱ्यातल्या झाडूतून एक हीर उपटत. माडाच्या पातीतली ती काडी डब्यात आडवी धरायची, जिथे टेकेल तिथे नखाने मोडायची, आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलायचं, असा त्यांचा क्रम होता. दुकानात स्टीलची मोजपट्टी होती. तिने ते चहा ढवळत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मास्तरांनू, पट्टी आकडो सांगता. आकडो मी इसारतंय. हीर हातात रवता." मी मास्तर नव्हतो, बंदराजवळच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पण पुस्तकाशी संबंध असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच होता.

आमची ओळख झाली ती वाचनालयाच्या पहिल्या संगणकामुळे. आमचे अध्यक्ष आबासाहेब यांनी तो देणगीदाराकडून मिळवला होता. आल्या दिवशी आबासाहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला, वरच्या जाळीवर श्रीफळ ठेवलं आणि माहितीच्या महासागरावर पाऊण तास भाषण केलं. समोर खराखुरा समुद्र होता, पण तो विषय निघाला नाही. भाषण चालू असतानाच संगणक बंद पडला. दुसऱ्या दिवशी हमीदभाई आले, झाकण काढलं, आणि चिमट्याने पंख्यातून एकेक पाकळी बाहेर काढत गंभीरपणे म्हणाले, "ह्येणा हार खाल्ल्यान." मग नारळ उचलून माझ्या हातात दिला. "आणि तुमी तेच्या नाकार नारळ ठेवलात. माणूस असतो तर बोंब मारल्यान असती."

साठी जवळ आलेले, शिडशिडीत, पांढरी टोपी, आणि डाव्या हाताचं एक बोट आखूड. ते बोट ट्रॉलरच्या इंजिनाने घेतलं होतं. वीस वर्षं त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, पाठ बोलू लागली तेव्हा संगणकाकडे वळले. त्यांना स्वतःला यात धंदा बदलल्यासारखं वाटत नव्हतं. "भोवती सगळो दर्या आसान पण इंजिन तापता, कित्याक? नळीत प्लास्टिकची पिशवी अडाकता. पाणी आत येवक वाट होयी आणि बाहेर जावक पण होयी. ह्या डब्यात पाण्याच्या जागी वारो, इतकोच फरक." संगणकशास्त्राबद्दल याहून जास्त ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी या विषयावरची दोन जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. त्यांतही फारसं जास्त नव्हतं.

कंपनीकडून तयार होऊन येणाऱ्या लहान डब्यांवर मात्र त्यांचा राग होता. टेबलावर शोभून दिसावा म्हणून डबा पुस्तकाएवढा करतात, आणि नंतर माणूस त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवायला येतो. कार्ड लांबीला बसलं तर जाडीला अडतं, जाडीला बसलं तर झाकणाला चिकटतं, आणि त्याचे पंखे पत्र्याकडे तोंड करून फिरत बसतात. अशा गिऱ्हाइकाला हमीदभाई मोडलेला हीर दाखवत. "वस्तू मावली म्हणजे काम झाला असा नाय. वारो खंयसून जातलो ता बघ."

माझी भाची वंदना समुद्रापासून आत, तळ्याकाठच्या धामापूरला असते. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं आणि त्या घरांतून फिरवून आणणाऱ्या चित्रफिती ती संगणकावर तयार करते. पुण्यातलं कार्यालय सोडून ती सासरी राहायला आली, ती या कामाच्या भरवशावर. वरिष्ठांनी अट घातली होती, की पहिलं मोठं काम गावातून वेळेवर पोचलं तरच पुढची मिळतील. नाही तर पुण्याला परत यायचं. नवरा इथे काजूची बाग बघतो, त्यामुळे परत जाणं म्हणजे दोन घरं करणं. तिच्याकडे असाच एक लहान डबा होता. कामासाठी तिने तीन पंख्यांचं कार्ड मागवलं, आणि ते बसवायला मीच तिला हमीदभाईंकडे नेलं.

हीर मोडला. कार्ड त्याच्यापेक्षा बोटभर लांब निघालं. हमीदभाईंनी पुढचा पंखा काढून टाकला आणि तेवढी जागा केली. कार्ड बसलं. झाकण लावून त्यांनी ते दिवसभर चालवून पाहिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एकदाही अडखळलं नाही.

धामापूरला ते वीस मिनिटांत बंद पडलं. थंड झाल्यावर पुन्हा सुरू केलं, पुन्हा वीस मिनिटं. चित्रफीत तयार व्हायला सलग सहा तास लागणार होते आणि ती दोन दिवसांनी दुपारी पोचायला हवी होती. वंदनाने मला फोन केला, मी हमीदभाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते स्कूटरवरून तिच्या दारात हजर. मी मागे बसलो होतो, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन.

"चाचा, उद्या दुपारपर्यंत गेला नाय तर काम हातचा गेला," वंदना म्हणाली. "मगे माका पुण्याक जावचा पडतला."

हमीदभाईंनी देवापुढची एक उदबत्ती मागितली आणि ती चालू डब्याच्या जाळीपाशी धरली. धूर आत गेला. मागून थोडा बाहेर पडला, उरलेला कार्डाभोवती घुटमळत राहिला. त्यांनी उदबत्ती परत दिली, मग अंगणात जाऊन उभे राहिले. तळ्याकडच्या झाडांचं पान हलत नव्हतं. आत येऊन त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"चूक माझी गो चेडवा. मी बंदरार तपासलंय. माझ्या दुकानात दर्याचो वारो फुकट येता, समोरच्या जाळीत सरळ घुसता. मी म्हटलंय, पंख्याचा काय काम? हयसर खंयचो वारो!"

चूक कबूल करणारे तंत्रज्ञ मी फार पाहिलेले नाहीत. बहुतेक वेळा दोष विजेचा असतो.

"दुसऱ्या डब्यात घालूया?" मी विचारलं.

"जमाचा नाय. ह्येंचे खिळे, भोकां, सगळा वेगळा. तेंच्या डब्यातला तेंच्याच डब्यात." ते वंदनाकडे वळले. "झाकण कापूचा पडतला. कंपनीची हमी जातली. तू सांग."

"हमी घेवन पुण्याक बसू? कापा."

त्यांनी अंगणातल्या दगडावर झाकण ठेवून कार्डासमोरचा पत्रा चौकोनी कापला. कडा कानशीने घासल्या. काढून ठेवलेला पंखा ते सोबत घेऊन आले होते. तो सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून बाहेरच्या बाजूने बसवला आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी ताणली. मग वरच्या बाजूला आणखी एक भोक पाडलं. "नुसती येवक वाट असान उपयोग नाय. जावक पण होयी."

साडेअकराला काम सुरू झालं. हमीदभाई डब्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि वरच्या भोकावर तळहात धरून राहिले. वीस मिनिटं झाली. एक तास झाला. वंदना पडद्याकडे न बघता तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडत होती. तिच्या सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "हमीदभाई, घेवा. थंड होता."

"होवंदे. ह्या घरात काय तरी थंड होवंदे."

मधेच नमाजासाठी ते पडवीत गेले तेव्हा जाताना माझा हात धरून भोकावर ठेवला. "हालवू नकात. कढत लागला तर माका हाक मारा." माझ्या आयुष्यातलं तांत्रिक कार्य एवढंच. साडेपाचच्या सुमाराला चित्रफीत पूर्ण झाली आणि सहाच्या आत पुण्याला पोचली. हमीदभाईंनी निवलेला चहा एका दमात प्यायला. मजुरी घेतली नाही. "चुकीची मजुरी घेतत नाय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जुनं फळ्यांचं कपाट दुकानात आणलं. प्रत्येक दुरुस्त संगणक त्या कपाटात, दार लावून, चार तास चालवायचा. तिथे टिकला तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. बंदरावरचे लोक हसायचे. वंदनासाठी मोडलेला हीर त्यांनी त्या कपाटाच्या दाराला खोचून ठेवला होता. कुणी विचारलं तर सांगत, "माप बरोबर होता. वारो माझो नव्हतो."

गेल्या वर्षी हमीदभाई वारले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. दफन साधेपणाने झालं. पण आबासाहेबांना तेवढ्यावर भागवणं शक्य नव्हतं. त्यांनी वाचनालयात शोकसभा ठेवली. सभागृहाला देणगीतून नुकतंच वातानुकूलन यंत्र बसलं होतं, त्याखाली देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी होती. सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. यंत्र दहाव्या मिनिटाला बंद पडलं. आबासाहेबांचं भाषण बंद पडलं नाही. हमीदभाई हे डिजिटल क्रांतीचे कसे अग्रदूत होते ते सांगत असताना लोक सभेच्या पत्रिकांनी वारा घेत होते.

वंदना शेवटच्या रांगेत होती. धामापूरहून आली होती. संध्याकाळी काम पाठवायचं होतं म्हणून तिला लवकर परत जायचं होतं. ती उठली आणि समुद्राकडची खिडकी उघडली. काही झालं नाही. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे सभागृह ओलांडून पलीकडे गेली आणि रस्त्याकडचीही खिडकी उघडली.

वारा आला. आधी पडदा हलला, मग व्यासपीठावरची भाषणाची पानं उठली आणि रस्त्याकडच्या खिडकीतून एकामागून एक बाहेर गेली. आबासाहेबांनी थोडं थांबून "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या" असं म्हटलं. आम्ही उभे राहिलो. वंदना खिडकीशीच होती, उघड्या चौकटीत तळहात धरून.