हुसेनमिस्त्रींची भीती

कपाटाला दार बसलं की, फळ्या लावायच्या आधी, हुसेनमिस्त्री स्वतः त्यात शिरून बसत आणि मला म्हणत, "ताई, दार लावा." मी लावायची. थोडा वेळ शांतता. मग आतून धक्का बसे आणि घामेजलेले मिस्त्री बाहेर येत. "उघडतंय. आता तुमचं."

साठी उलटलेला, उंच, किडकिडीत माणूस. अंगाची घडी करून कपाटात शिरताना पाहून सुरुवातीला मला हसू यायचं.

नवी पेठेमागच्या आमच्या दोन खोल्यांत मी, माझे यजमान आणि माझी आई राहत होतो. आईला विसर पडू लागला म्हणून तिला मंगळवेढ्याहून आणलं आणि घर अपुरं झालं. मिस्त्री दोन दिवस नुसता टेप धरून फिरले. "जागा हाय की. दडून बसलीय," म्हणाले. मग खिडकीखाली बसायची पेटी झाली, भिंतीला मिटणारं टेबल झालं, माळ्याला सरकती दारं लागली, भिंतींना दोन कपाटं झाली. दोन खोल्यांमधल्या कोनाड्यात जमिनीपासून छतापर्यंत कपाट उभं राहिलं. फळ्या तेवढ्या बसायच्या होत्या.

त्या कपाटावरून आमचा वाद झाला. आई दिसेल ते कपाट उघडून कपडे बाहेर काढायची, म्हणून मला आपोआप अडकणारा, बाहेरूनच उघडणारा खटका हवा होता.

"आतनं ढकललं की उघडलं पायजे, ताई. आनि वर चार भोकं पाडतो, हवेला."

"भोकांतून झुरळं जातील. आणि कपाटात राहणार कोण आहे?"

त्यांनी खटका हातात घेऊन उलटासुलटा केला. "मला भ्या वाटतं," एवढंच म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांनी खटका बसवला. त्या एका कपाटात मात्र ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन एप्रिलात, आई दिसेना. मिस्त्री खालून फळ्या आणत होते म्हणून घराचं दार उघडंच होतं. मी अनवाणी तीन जिने उतरले. रिक्षा, हातगाड्या, कापडदुकानांपुढची गर्दी. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईमागे मी धावत होते. भर रस्त्यात 'आई' म्हणून हाक मारली तर वळून बघणार कोण? तळवे भाजले होते, ते मला नंतर कळलं.

वर आले तर मिस्त्री खोलीच्या मधोमध उभे. त्यांनी पंखा बंद केला होता, शेजारच्या वहिनींना हाताने गप्प केलं होतं. चेहरा पार उतरला होता.

"ताई, जरा आवाज करू नका."

मी श्वास रोखला. तेव्हा ऐकू आलं. प्लायवूडवर नखं घासत होती. अगदी हळू.

मिस्त्री कपाटापाशी पोचले, पण खटक्यापुढेच थबकले. मी दाबला. आई आत उकिडवी बसली होती. घामाने निथळलेली, ओठ निळसर, पदराचा बोळा दातांत धरलेला. आम्ही तिला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला.

मिस्त्री भिंतीला टेकून भुशातच बसले होते. "मी आठ वर्साचा व्हतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "भैन सहाची. लपाछपी खेळत व्हतो. ती ज्वारीच्या लोखंडी कोठीत शिरली आनि वरची कडी आपसूक पडली. मी शोधून शोधून दमलो, आनि त्याच कोठीवर जाऊन बसलो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आवाज आला व्हता, ताई. मला वाटलं, उंदीर हाय."

आईला त्यातलं किती कळलं, देव जाणे. ती सरकत सरकत त्यांच्यापाशी गेली. "भ्यालास व्हय रं लेकरा?"

"व्हय, आई. लई भ्यालो."

"मग रड की. मी हाय हितं."

आणि मिस्त्री रडले, आईच्या ओल्या पदराने तोंड झाकून.

खटका त्याच संध्याकाळी निघाला. आई पुढे दोन वर्षं जगली. शेवटी शेवटी ती मलाही ओळखत नव्हती. मिस्त्री भेटायला आले की मात्र काही न बोलता सरकायची आणि त्यांना शेजारी जागा करून द्यायची.