टाकीवरची तिसरी ओळ

समुद्रातल्या माशाला तहान लागते का हो?

हसू नका. चहा घ्या आणि सांगा. चोवीस तास पाण्यात, पण पाणी खारट. मग तो पितो काय? दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "नंदू, आधी दहावी हो, मग सांगतो." आत्याला विचारलं, तर तिने आईकडे बघून नुसता सुस्कारा सोडला. घाटावर गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "उजवा गुडघा टेका."

तर असा मी. नववीत दोनदा बसलेला, गॅरेजमध्ये गाड्यांचं ऑइल बदलणारा. अशा माणसाने सख्ख्या भावाच्या दहाव्याला जो घोळ घातला, तो ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहा पाजणार नाही. म्हणून हा कप आधी संपवतो.

दादा आमच्या घरातला हुशार. कॉम्प्युटर शिकला, मोठ्या कंपनीत लागला आणि आईला आणि मला कसब्यातल्या दोन खोल्यांतून हडपसरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. बाकीचे इंजिनिअर काय घेतात? गाडी घेतात, सोफा घेतात. आमच्या दादाने हॉलमध्ये आठ फुटी काचेची टाकी बसवली, खारं पाणी भरलं आणि त्यात दोन शार्क सोडल्या! घाबरू नका, हातभर लांबीच्या होत्या. दिवसभर तळाशी पडून राहायच्या आणि जेवणाच्या वेळेला बरोब्बर उठायच्या, म्हणून मोठीचं नाव दादाने 'मॅनेजर' ठेवलं होतं. शिवाय एक पाकट मासा. चपटा, गोल, निळ्या ठिपक्यांचा. त्याला मी थालीपीठ म्हणायचो.

टाकीच्या काचेवर दादाच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती.

१. पाण्यात तांबं जाता कामा नये. मरतील.
२. स्वयंपाकाचं मीठ नको.
३. नंदू नको.

तिसरी ओळ नंतर वाढली. त्या संध्याकाळी मी थालीपिठाला शेव घातली होती.

या मार्चमध्ये दादा गेला. ऑफिसला निघाला, लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट वर आली, दादा आत गेला नाही. छत्तिसाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी अजून लिफ्टने जात नाही. रोज सहा मजले चढतो. तब्येत एकदम सुधारली आहे माझी.

शनिवार पेठेतून आत्या आली आणि तिने घराचा ताबा घेतला. पहिला हुकूम सुटला, "तेरा दिवस घरात मासळी येणार नाही, शिजणार नाही, तिचा वाससुद्धा येणार नाही."

"आत्या, मासळी हॉलमध्ये पोहते आहे."

"ती तेराव्याला जाणार. दुकानवाल्याशी बोलले आहे मी."

"आणि तोवर ती खाणार काय?"

"आपण खातो तेच. वरणभात."

शार्क वरणभात खात नाही हो! मी घालून बघितला ना. दोन दिवस पाणी गढूळ होतं. तिसरी ओळ काही उगाच नव्हती.

मग मी चोरून कोळंबी आणायला लागलो. दुपारी सगळे लवंडले की लांब चिमट्याने एकेकाला भरवायचो. खरं सांगू? त्या घरात भूक फक्त त्या तिघांनाच लागत होती. बाकी आम्ही ताटावर बसायचो आणि उठायचो. दादाचं म्हणून जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि आत्या ते दुकानवाल्याला देऊन टाकणार होती.

दहाव्याचा दिवस. घाटावरून आल्यावर मला कोणी बाहेर सोडणार नव्हतं, म्हणून पहाटेच बाजारात जाऊन कोळंबी आणली. ठेवायची कुठे? घरात तर आत्या! मी घाईघाईत पुडी एका कापडी पिशवीत तळाशी दडवली. कुठल्या पिशवीत? घाटावर न्यायच्या! वर तीळ, मध्ये दर्भ, खाली कोळंबी. आता बोला.

विधी मीच करत होतो. पिंड ठेवला. समोर झाडावर कावळा येऊन बसला. बसला तो बसलाच.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला एकेक."

आई म्हणाली, "माझी काळजी करू नकोस रे सुधीर." कावळा गप्प.

दादाच्या ऑफिसमधला एक जण पुढे झाला. "सुधीर, प्रोजेक्ट आम्ही वेळेत पूर्ण करू." कावळ्याने पाठ फिरवली.

आत्या म्हणाली, "नंदूचं लग्न लावून देऊ." कावळा वरच्या फांदीवर गेला.

"नंदूला दहावीला बसवू." त्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि आणखी वर गेला.

तासभर झाला. ऊन चढलं. आई पडेल की काय असं वाटायला लागलं. मला राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो, "दादा, तुझे मासे मी सांभाळीन!" आणि धाडकन नमस्काराला वाकलो. गुडघा पडला तो नेमका पिशवीवर. पुडी फुटली. दोन कोळंब्या सटकन बाहेर आल्या आणि पिंडाला टेकून थांबल्या.

मी डोकं वर करेपर्यंत फडफड! कावळ्याने एक कोळंबी उचलली, दुसरीसाठी चोच मारली ती भातासकट.

"शिवला! शिवला!" मागे एकच कल्लोळ. माझी पाठ लोकांकडे, त्यामुळे कोणालाच काही दिसलं नाही. फक्त गुरुजींनी बघितलं. पिशवीकडे, मग माझ्याकडे. शांतपणे म्हणाले, "पिशवी मिटा."

आत्या पदर डोळ्यांना लावून रडत होती. "त्याचा जीव माशांत अडकला होता हो वहिनी!"

झालं. दुकानवाल्याला नाही म्हणून फोन गेला. मी मनात म्हटलं, वाचले! पण कसले वाचले? दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक टाकीच्या दर्शनाला यायला लागले. काचेला कुंकू लागलं. फिल्टरच्या पाइपला हार लागला. माझ्या मावसभावाने मॅनेजरसमोर डोळे मिटून अमेरिकेचा व्हिसा मागितला. मॅनेजर तळाशी पडून होती. तिला सवयच होती.

तेराव्याला आत्या काशीहून आणलेली गंगाजलाची लोटी घेऊन स्टुलावर चढली. सील वर्षानुवर्षांचं. लोटी तांब्याची!

"आत्या, थांब! तांबं आहे ते. दादाने लिहिलंय बघ."

"गंगेने कोणी मरत नाही. हिरवं पडलं तरी गंगाच. त्याचा जीव आहे रे यात."

आत्याने सील तोडलं. मी आईकडे बघितलं. दहाव्यापासून ती दोन घास खात होती, थोडी झोपत होती. का? कावळा शिवला, सुधीर सुटला, एवढ्या एका आधारावर. तो आधार मी काढून घेऊ? आणि नाही काढला तर दादाच्या माशांचं काय? विचार करायची सवय नाही हो मला. लोटी कलंडायला लागली आणि मी बोंबललो.

"आत्या, कावळा पिंडाला नाही शिवला! कोळंबीला शिवला! पिशवीत मी कोळंबी ठेवली होती!"

घरभरचे पाहुणे माझ्याकडे वळले. मावसभाव म्हणाला, "म्हणजे माझा व्हिसा?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"ती पिशवी धुतली कोणी? तिळांत कोळंबीचं डोकं होतं."

आत्या स्टुलावरूनच म्हणाली, "मग वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं वन्सं? एक मुलगा गेला. दुसरा त्याच्या माशांसाठी अंधारात उठून बाजारात गेला. ते बघून मला झोप लागली. कावळ्याचं काय घेऊन बसलात?"

आत्या खाली उतरली. लोटी तुळशीत रिकामी केली आणि मला म्हणाली, "हात साबणाने धू. कोळंबीच्या हाताने पानं वाढू नकोस."

इथे संपलं असतं तर मी हिरो होतो. पण मे महिना आला. टाकीतलं पाणी उन्हाने कमी व्हायला लागलं. मी डोकं लावलं. खारं पाणी कमी झालं, तर खारंच पाणी घालायला हवं! दादाने माशांसाठी आणलेलं समुद्री मीठ होतं, ते कालवून रोज एक बादली ओतत गेलो. पंधरा दिवसांनी मॅनेजर जेवायला उठली नाही. थालीपीठ कडेने वाकडं व्हायला लागलं.

दादाच्या फोनमध्ये लोणी काळभोरच्या कॉलेजातल्या एका सरांचा नंबर होता. त्यांच्याकडेही असे मासे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, वाफ पाण्याची होते. मीठ टाकीतच राहतं. साधं गाळलेलं पाणी घालायचं."

"हे दहावीला असतं का, सर?"

"सहावीला."

त्याच दिवशी ठरवलं. मासे सरांना द्यायचे. आधी सर सांगतील तसं आठवडाभर थोडं थोडं गोडं पाणी घातलं. मॅनेजर उठली, दोन कोळंब्या खाल्ल्या. मग गॅरेजचा टेम्पो काढला, तिघांना पाण्याने भरलेल्या पिंपांत घातलं आणि लोणीपर्यंत वीसच्या स्पीडने गेलो. मागचे हॉर्न मारत होते, मारू देत. सरांकडे खोलीएवढी टाकी आहे. तिघं आत उतरले, एक चक्कर मारली आणि तळाशी जाऊन पडले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सर शिकलेले. तहानेचं त्यांना नक्की माहीत असणार. जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. दादा म्हणालाय ना, दहावीनंतर सांगतो.

खिशातून दादाची चिठ्ठी काढली आणि सरांच्या काचेवर लावली. सरांनी चष्मा वर करून वाचली.

"तांबं बरोबर. मीठ बरोबर. हे नंदू काय आहे? एखादं औषध?"

"विष आहे, सर," मी म्हटलं. "तांब्यापेक्षा वाईट." आणि तिसऱ्या ओळीवरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून नीट बसवली.