छप्पन सालच्या शालनबाई

खडकीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात दर वर्षी सत्तरी गाठणाऱ्या सभासदांचा सत्कार होतो. सगळ्यांचा नव्हे, नाव कमावलेल्यांचा. यंदा फळ्यावर ‘१९५६ सालचे मानकरी’ असं ठळक लिहून खाली चार नावं जन्मतारखांसह झळकली: एक सर्जन, एक कर्नल, एक गायिका आणि एक कबड्डीपटू. शालनबाई ओव्हाळांनी फळा चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. त्यांचं नाव दोन्ही वेळा नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. आत शिंकसुद्धा बेतानं द्यायची, अशी नोकरी. बाहेर मात्र बेतानं बोलायची सवय त्यांनी लावून घेतली नाही.

त्या थेट चिटणीस श्यामसुंदररावांच्या टेबलाशी गेल्या.

“अहो, माझं नाव राहिलं.”

“राहिलं नाही. आपला जन्म पंचावन्नचा. त्या सालच्यांचे सत्कार गेल्या वर्षी झाले.”

“तेव्हाही बोलावलं नव्हतंत.”

“आपण आठवण केली नाहीत.”

“कशी करणार? मी छप्पनची! बाप नागपूरला दीक्षा घेत होता, त्याच दिवशी इकडे आई बाळंत झाली.”

“कागद एक जून पंचावन्न म्हणतो.”

आता कागदाचं असं, की पावणेपाच वर्षांची शालन शाळेच्या दारात थोरल्या भावाचा हात सोडीना. गुरुजींनी वैतागून तिला सहा वर्षांची करून टाकली आणि दोघांना एकाच वर्गात बसवलं. त्या कागदापायी पुढं नोकरीतूनही त्या वर्षभर आधी घरी आल्या. तेव्हा गप्प बसल्या. नोकरी सरकारची होती. साल मात्र बापाचं होतं. ते सोडायला त्या तयार नव्हत्या.

त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या.

“डॉक्टर एक जूनचे. कर्नल एक जूनचे. कबड्डीवालेही एक जूनचे. काय हो, सगळ्या आयांनी मिळून तारीख ठरवली होती?”

कॅरम थांबला. स्ट्रायकर हातात तसाच धरून डॉक्टर हिंमतराव हसायला लागले.

“बाई, खरं सांगू? आई म्हणायची, मी सत्तावन्नच्या दिवाळीतला. आमच्याही गुरुजींना पट भरायचा होता.”

“म्हणजे आपण मानकरी नाहीच!” श्यामसुंदरराव कासावीस झाले. “अहो, सन्मानचिन्हावर नाव कोरून आलंय!”

“मग खोडा,” डॉक्टर म्हणाले.

“कुणी काही खोडायचं नाही,” शालनबाई म्हणाल्या. “गुरुजींनी आत घेतलेल्या माणसाला मी कशाला बाहेर काढू? एक खुर्ची वाढवा.”

“पण हे आपापल्या क्षेत्रातले नामवंत आहेत, बाई.”

“डॉक्टर, टाका चुकला तर काय करता?”

“पुन्हा घालतो.”

“आमच्याकडे ‘पुन्हा’ नव्हतं. चौतीस वर्षांत माझा हात एकदा जरी चुकला असता ना श्यामसुंदरराव, तर नाव पेपरात आलं असतं. तुमच्या हिशेबानं मी नामवंत झाले असते.”

कर्नलसाहेब उठले आणि त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढून रांगेत लावली. चिटणिसांनी नाइलाजानं खडू उचलला. पाचव्या ओळीवर नाव आलं, पुढं चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन.

“क्षेत्र काय लिहू?”

“दारूगोळा,” शालनबाई म्हणाल्या. “आणि अक्षर कर्नलसाहेबांच्या नावाएवढं काढा.”