बाहेरून लावलेली कडी

आधीच सांगून टाकतो, मी क्लासमध्ये मुलांना सायन्स शिकवतो. गावी रात्रीच्या जेवणानंतर राखणदार, देवचार वगैरे भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की मध्येच तोंड घालून सगळ्यांचा मूड घालवणारा एक जण प्रत्येक घराण्यात असतो ना... आमच्याकडे तो मी. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली, आणि आत्ताही थोडी लाज वाटतेच आहे.

आम्ही चारकोपला राहतो, सेक्टरमधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. वन बीएचके. बेडरूमला लागून बाबांनी छोटं बाथरूम काढून घेतलं होतं, त्यामुळे दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला तेव्हा ती खोली आपोआप माझी जेल झाली. खिडकीला ग्रिल, समोर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्याची भिंत आणि मशीनची घरघर. बायको लेकीला घेऊन मुलुंडला माहेरी गेली. आईलाही चल म्हणत होती, पण आई हलली नाही. आमची आई एरवी मुंबईचंच मराठी बोलते, पण हट्टाला पेटली की थेट मालवणीवर येते. म्हणाली, "माका काय होऊचा नाय. ह्याका जेवूक कोण घालतला?"

बेडरूमच्या दाराची आतली कडी कधीच तुटलेली. नुसतं लोटलं तर दार हळूहळू आपलं आपण उघडायचं. मग आईने मला चक्क बाहेरून कडी घातली. जेवण द्यायला उघडायची, आतल्या स्टुलावर ताट ठेवायची की पुन्हा कडी.

ती कडीही एक नमुनाच होती. दार खाली बसल्यामुळे तिचा दांडा चौकटीच्या भोकात घट्ट अडकायचा. आई दोन्ही हातांनी हिसके देत, पुटपुटत उघडायची. बाबांची मात्र युक्ती होती. दार खालून कुजलं म्हणून सुताराने कापलं होतं, तिथे चांगली दोन-तीन बोटांची फट होती. बाबा त्या फटीत डाव्या पायाचा अंगठा घालायचे, दार किंचित वर उचलायचे आणि एका हाताने कडी सरकवायचे. आधी ठक्, मग कर्रर्र... लहानपणापासून तो आवाज माझ्या कानात बसलेला. अंगठाही लक्षात राहण्यासारखाच होता. त्यावर कधीतरी गॅसचा सिलिंडर पडला होता आणि नख मधोमध चिरलेलं, काळं राहिलं होतं.

हे सगळं 'होते, होतं' असं लिहितोय, कारण बाबा त्याच्या थोडेच दिवस आधी गेले होते. ज्येष्ठांची लस सुरू झाली तेव्हा ते सोसायटीतल्या मित्रांबरोबर हौसेने जाऊन डोस घेऊन आले, आईला न सांगता. आठवड्याभराने सकाळी चहा पिता पिता हार्ट अ‍ॅटॅक. डॉक्टरांनी समजावलं की ब्लॉकेज जुने होते, लशीचा काही संबंध नाही. मला ते पटलं, आजही पटतं. आईला नाही पटलं. "ते सुईनेच गेले," एवढंच तिचं म्हणणं. मी तिला मोबाइलवर ग्राफ दाखवायचो. एकदा तिने शांतपणे विचारलं, "ह्यात तुझा बाप कुठे आहे ते दाखव." त्यानंतर मी ग्राफ दाखवणं बंद केलं, पण भांडणं चालूच राहिली. तिने लस घेतली नाही ती नाहीच.

माझा ताप उतरत आला तसा आईचा खोकला मला दाराआडून ऐकू यायला लागला. विचारलं तर म्हणे ठसका लागला. घरात ऑक्सिमीटर एकच, तो माझ्याजवळ. मी सॅनिटायझरने पुसून दाराखालून तिच्याकडे सरकवला. तिने पायाने परत आत ढकलला. "तुझं तुझ्याकडेच ठेव. मला माझं कळतं." खूप चिडलो मी. दारावर हात आपटून काय काय बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ टळून गेली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला आणि मग काहीच नाही. मी हाका मारल्या. शेवटी जमिनीवर आडवा होऊन फटीतून पाहिलं. समोर स्वयंपाकघराचा उंबरा, उंबऱ्यावर आईचा हात, हिरव्या बांगड्या काढल्यापासून मोकळा... आणि तो हलत नव्हता.

दार खेचलं, लाथा घातल्या. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, पण स्क्रू रंगाच्या थरांखाली गाडलेले. जेवणाचा चमचा घेऊन खरवडत बसलो, तो वाकला. खिडकीतून ओरडलो तर गाळ्यातलं मशीन माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर एंगेज. मग समोरच्या सावंतकाकांना फोन केला. बिचारे दोन मास्क लावून लगेच आले, पण आईने बाहेरचं दारही आतून वर-खाली बंद केलेलं! काका ठोकत होते, फोनवर मला सांगत होते, "थांब, खालून पोरांना बोलावतो, फोडू या."

म्हणजे बाहेर काका, आत मी, आणि मधल्या घरात आई एकटी. तिच्यापर्यंत दहा पावलंसुद्धा नव्हती. मी पुन्हा जमिनीवर झोपलो आणि फटीला तोंड लावून "आई, ए आई" करत राहिलो. रडत होतो, खोटं कशाला बोलू.

आणि फटीतला उजेड अडला.

माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक पाय येऊन उभा राहिला. मग अंगठा फटीतून आत आला. अनवाणी. नख मधोमध चिरलेलं, काळं.

ठक्. दार वर उचललं गेलं. मग कर्रर्र...

मी मागे सरकलो ते पलंगाला आपटलो. दार हळूहळू आपलं आपण उघडलं, नेहमी उघडायचं तसंच. बाहेर कुणीही नव्हतं. घाबरायला वेळ नव्हता म्हणून बरं. धावत जाऊन आईला उताणी केली, श्वास चालू होता, ओठ निळसर झालेले. बाहेरच्या दाराच्या दोन्ही कड्या तशाच लागलेल्या होत्या, त्या मी माझ्या हाताने काढल्या. काका आणि पोरांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. हॉस्पिटलमध्ये बेड मिळेपर्यंत रिक्षातच किती वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

आई वाचली. खूप दिवसांनी घरी आली, अर्धी होऊन.

काकांचं म्हणणं, तू हिसके देऊन कडी सैल केलीस. करून पाहिलं, एकदा नव्हे, अनेकदा. भाच्याला आत कोंडून त्यालाही करायला लावलं. आतून कितीही खेचा, दांडा आणखी घट्ट बसतो. अंगठा मला तापात दिसला असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल, मान्य. मुलांना मीच शिकवतो की मेंदू हवं ते दाखवतो. पण माझ्या तापाने बाहेरची कडी कशी सरकेल?

आईला मी फक्त कडी उघडल्याचं सांगितलं होतं. अंगठ्याबद्दल चकार शब्द नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पायात चप्पल होती?"

मी म्हटलं, "नव्हती."

बाबा घरभर चप्पल घालून फिरायचे आणि आई जन्मभर त्यावरून ओरडत आली. ती थोडंसं हसली. "आता ऐकलं," म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. बाबा गेल्यानंतर मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर एकदा लशीवरून आमचं पुन्हा जुंपलं तेव्हा तिने मला एकाच वाक्यात गप्प केलं. "कडी कोणी उघडली ते सांग, मग मला सायन्स शिकव." आजारातून उठून तीन महिने झाल्यावर तिने आपणहून डोस घेतला. मला बजावून सांगितलं, तुझं पटलं म्हणून नाही, नातीला जवळ घ्यायचंय म्हणून. ते सुईनेच गेले, हे ती आजही म्हणते. मी आजही नाही म्हणतो.

गेल्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा मी सुताराला म्हटलं, हे दार सरळ कर, फटीला पट्टी मार, कडी बदल. आई आतून आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ऱ्हवांदे तसाच. नीट केलंस तर ते कशाक येतले?"

सुतार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, राहू दे.

मी त्याच खोलीत झोपतो. फक्त झोपताना तोंड भिंतीकडे करतो, दाराकडे नाही.