जप्त केलेल्या चकत्या

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी तीर्थपुरीच्या एका शाळेत पाचवीला शिकवत होते. चिप्सच्या पाकिटात तेव्हा प्लॅस्टिकची गोल चकती निघायची. पुढं कार्टूनचं चित्र, मागं नंबर. पोरांना चिप्सशी काही देणंघेणं नसायचं. सगळे नंबर जमले पाहिजेत, एवढंच वेड.

माझी मुलगी त्याच शाळेत तिसरीत होती. तिला तीन नंबर काही केल्या मिळत नव्हते. जालन्याला गेलं की आम्ही तिकडूनही पाकिटं आणायचो. घरी येऊन फोडली की पुन्हा जुनेच नंबर, आणि तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आठवडी बाजारात बांगड्या विकायची. त्या घरात चिप्सचं पाकीट कुठून येणार? तरी सगळ्यात जास्त चकत्या तिच्याजवळ, कारण ती खेळून जिंकायची. आपली चकती आपटून समोरच्याची उलटी पाडली, की ती आपली. तिचा नेम चुकत नसे. एकदा गणिताच्या तासाला बाकाखाली तिचा डाव चाललेला मी पकडला आणि रुमालात बांधलेल्या सगळ्या चकत्या काढून घेतल्या.

"बाई, परत न्हाई आननार. द्या ना."

"चुलीत घालणार आहे मी ह्या," मी म्हटलं.

घरी रुमाल सोडला, तर ते तिन्ही नंबर समोर. त्या वेळी काही सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सगळं सुचलं होतं. तरी त्या तीन काढून मी मुलीला दिल्या. दुकानात सुट्या मिळाल्या, असं सांगितलं. बाकीच्या कपाटात टाकल्या.

आठवडाभरानं मुलगी आपला पूर्ण संच मिरवायला शाळेत घेऊन गेली. मधल्या सुट्टीत ती पाचवीची मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आपल्या प्रत्येक चकतीच्या कडेला तिनं ब्लेडनं बारीक खाच पाडलेली असायची. मला ते ठाऊक नव्हतं. मुलीच्या संचातल्या तीन चकत्यांवर तिनं ती ओळखली होती.

"बाई, तुम्ही तर जाळल्या म्हनल्त्या."

खोलीत आणखी दोघी शिक्षिका बसल्या होत्या. "जाळल्याच," मी म्हणाले. "माझ्या मुलीच्या चकत्या दुकानातून आणलेल्या आहेत. उगीच आळ घेऊ नकोस."

"बरं बाई," ती म्हणाली आणि गेली.

"पोरी लईच धीट झाल्यात आजकाल," एक शिक्षिका म्हणाली. मी मान हलवली.

लहानपणी मीही जमवायचे. एक्याऐंशीच्या सुमाराला केदारखेड्यात काडेपेटीचे छाप. पानटपरीपुढच्या रिकाम्या पेट्या उचलायच्या, पाण्यात भिजवून कागद सोडवायचा, वहीत चिकटवायचा. माझ्या थोरल्या बहिणीनं जमवलेले वाघ, मोर, जहाज तेच माझ्या वेळीही होते. एकदा भांडणात मी तिचे छाप फाडले आणि दोन वर्षांनी तसेच्या तसे शोधून दिले. तिनं ते घेतलेही. तेव्हा उशीर झाला तरी चालायचं.

त्याच सवयीनं असेल, चकत्या देऊ सावकाश असं मी म्हणत राहिले. दिवाळीनंतर देऊ. दुसऱ्या घटक चाचणीचे पेपर तपासून झाले की देऊ. असं करता करता वार्षिक परीक्षा आली. मुलीकडं त्या तीन मागितल्या, तर तिनं सगळा डबाच पुढं केला. "घे. आता कुणीच नाही जमवत हे."

शेवटच्या पेपरानंतर मी त्या मुलीला व्हरांड्यात थांबवलं आणि रुमाल तिच्या हातात दिला. तिनं गाठ सोडली. त्या तीन चकत्या वरच होत्या. तिनं एकीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बाई, ह्या आता कुनी खेळत न्हाई. आता स्टिकर निघालेत."

"असू दे. तुझ्याच आहेत."

"धाकटीला देते मंग. भातुकलीत ताटल्या व्हतील तिला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. 'मी खोटं बोलले होते' हे वाक्य मी घरून ठरवून आले होते. आजूबाजूला कुणीही नव्हतं. मी तिला विचारलं, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला बाई," ती म्हणाली.